अर्थ लागेना

आमच्या मारुती जिप्सीचं इंजिन बदलायचं ठरलं, तेव्हा चाचांनी पहिल्याच दिवशी हात वर केले होते. "जुनं इंजिन उतरवून देतो, दुसरं चढवून देतो. वायरीत मी पडत नाही. ते तुमचं तुम्ही बघून घ्या."

सोलापुरात होटगी रोडला चाचांचं गॅरेज आहे. जुन्या जीप आणि जिप्सी यांच्यावर त्यांचा हात बसलेला. मी म्हटलं, वायरीचं माझ्यावर सोडा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतोय. रॅपियर लूमचं, म्हणजे विणायच्या मागाचं, पॅनेल उघडलं की शे-दोनशे वायरी अंगावर येतात. रात्री तीनला फोन आला तर अर्धवट झोपेत फॉल्ट काढून परत येऊन झोपतो. बारा व्होल्टच्या गाडीचं काय एवढं! चाचा काही बोलले नाहीत. हाताखालच्या पोराकडे बघून नुसते हसले.

इंजिन तीन दिवसांत बसलं. जानेवारीतल्या गड्डा यात्रेचे पाळणे अजून उतरले नव्हते तेव्हा. आणि गाडी धड पळायला लागली तेव्हा मे महिना संपत आला होता.

गाडी बाबांची. १९९७ ची जिप्सी किंग, एमएच १३. मोहोळजवळ आमचं रान आहे. खताच्या पोत्यापासून वरातीतल्या नवरदेवापर्यंत सगळं या गाडीने वाहिलंय. त्या वर्षीच्या किंगमध्ये जी१३बीए इंजिन यायचं. १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, ताकद साठ हॉर्सपॉवर. पुढे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुतीने याच गाडीत सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी बसवलं. सीसी तेवढेच, पण कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत, आलं आणि साठाचे ऐंशी हॉर्सपॉवर झाले. आमचं इंजिन दोनदा बोअर होऊन तिसऱ्यांदा ऑइल प्यायला लागलं होतं. चाचा म्हणाले, आता यात पैसे घालू नका. गाडी विकायचा विषय काढला तर बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तेव्हा हाच मार्ग उरला: त्याच गाडीत तिच्याच धाकट्या भावाचं इंजिन.

बरेच जण विचारतात, स्विफ्टचं का नाही घेतलं? २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही जी१३बीबीच होतं आणि ते भंगारात सहज मिळतं. दोन कारणं. स्विफ्टमध्ये ते आडवं बसतं, जिप्सीत उभं, म्हणजे चेंबरपासून मॅनिफोल्डपर्यंत सगळी अदलाबदल करत बसा. दुसरं म्हणजे स्विफ्टचं ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही. मारुती त्याला आयकॅट्स म्हणते. इंजिन आणलं, ईसीएम आणलं आणि चावी भंगारवाल्याच्या ढिगात राहिली, की संपलं. किंगच्या इंजिनाला ही भानगड नाही. (चावीच्या या विषयावर शेवटी पुन्हा येतो.)

कागदांचं आत्ताच सांगून टाकतो, कारण ते सगळे शेवटी बघतात आणि तिथेच अडकतात. इंजिन नंबर आरसीवर असतो. तो बदलायचा तर आरटीओला विचारूनच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने याच कलमावर निकाल दिलाय की कंपनीने मुळात जे दिलं त्याच्याशी विसंगत फेरफार चालणार नाही. आमची कंपनी तीच, गाडी तीच, इंधन तेच, सीसी तेच. तरीसुद्धा आधी अर्ज, इंजिन खरेदीची पावती, ज्या गाडीतून काढलं तिचे कागद, इंजिन नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला छाप आणि शेवटी गाडी नेऊन दाखवणं, हे सगळं झालं. अपेक्षेपेक्षा दोन खेपा जास्त पडल्या, एवढंच. पेट्रोलच्या गाडीत भलत्याच कंपनीचं डिझेल इंजिन कोंबून मग आरसीचं बघू म्हणणाऱ्यांनी मात्र माझ्याकडे सल्ला मागू नये.

इंजिन पुण्याहून आणलं. ठरलं होतं असं: इंजिन, ईसीएम, सगळे सेन्सर, पंपासकट पेट्रोलची टाकी आणि अख्खं वायरिंग. टेम्पोतून उतरवून घेतलं तेव्हा सगळं होतं. वायरिंगसुद्धा होतं, पण ईसीएमपासून वीतभर अंतरावर कटरने सपकन कापलेलं. फोन केला तर विकणारा म्हणतो, "साहेब, डॅशबोर्ड खोलत कोण बसतंय? जोडून घ्या की." जोडून घ्या! एका बाजूला इंजिनाकडून आलेली चाळीस-पन्नास टोकं, दुसऱ्या बाजूला ईसीएमच्या कपलरला लोंबणारी तेवढीच. आणि मधले काही इंच गायब.

यांत्रिक कामाचं फार सांगण्यासारखं नाही. घराणं एकच असल्याने गिअरबॉक्स तोच राहिला. चाचांनी इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशनची रबरं नवी टाकली, क्लच प्लेट बदलली, सायलेन्सरचा पुढचा पाइप धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरसकट नव्या इंजिनाचा लावला. जुन्या इंजिनावर पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच जोरावर चालायचा. नव्याला टाकीतला विजेचा पंप लागतो, म्हणून टाकी बदलली. चौथ्या दिवशी इंजिन जागेवर, पाणी भरलेलं, ऑइल भरलेलं, आणि चारी बाजूंनी वायरी लोंबतायत. चाचांनी हात पुसले. "आता तुमचं."

गाडी टो करून घरी आणली.

घरी जागा म्हणजे हॉल. वायरिंगचा सगळा गुच्छा फरशीवर पसरला, सतरंजीभर झाला. बायकोने पहिला आठवडा सहन केलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाण्याच्या दिवशी हॉलमधून पिंप, बादल्या, पाइप अशी वरात निघते. त्या वाटेत माझे सेन्सर. "अहो, एक तर हे उचला, नाही तर भांडी तुम्ही भरा." मी दोन्ही केलं.

पहिली अडचण रंगांची. वायरिंगच्या नकाशात लिहिलेलं असतं काळ्यावर पांढरी रेघ, तपकिरीवर पिवळी रेघ. वर्षानुवर्षं बॉनेटखाली भाजलेल्या वायरींत सगळे रंग एकाच कुळाचे होतात, चहाच्या गाळणीचा असतो तो रंग. लाल कुठली, तपकिरी कुठली, नारिंगी कुठली, उन्हात नेऊन बघा नाही तर ट्यूबखाली, सारखंच. मग एके रात्री टेप सोलताना लक्षात आलं की टेपच्या आत, जिथे ऊन आणि ऑइल कधी पोचलंच नाही, तिथे वायर अजून कोरी आहे. लाल म्हणजे लाल, पोपटी म्हणजे पोपटी. तिथून पुढे प्रत्येक वायरीची बोटभर टेप सोलायची, आतला रंग बघायचा, वहीत लिहायचा, आणि रंगावर विश्वास न ठेवता मीटरचा बझर लावून दुसऱ्या टोकाला खात्री करायची. ही वही शंभर पानी. आमच्या मुलीची भूगोलाची होती, पुढची बारा पानं अक्षांश-रेखांशाची आहेत आणि तेराव्या पानावर "थ्रॉटल सेन्सर, पाच व्होल्ट".

दुसरी गोष्ट लक्षात यायला आणखी दहा दिवस गेले, आणि ती आधी कुणी सांगितली असती तर फेब्रुवारी वाचला असता. ईसीएमला चाळीसच्या वर वायरी आहेत म्हणून छाती दडपते. पण त्यांतल्या बहुतेक वायरी इंजिनाचा घरातला व्यवहार आहेत. इंजेक्टर, कॉइल, कॅम सेन्सर, हवेच्या दाबाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, हे सगळे ईसीएमशी बोलतात. जुन्या गाडीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्या फक्त कापल्या तिथे जशाच्या तशा जुळवायच्या. गाडीशी खरा संबंध येतो मोजून सात ठिकाणी. बॅटरीतून थेट चोवीस तास येणारा करंट, ज्यावर ईसीएमची आठवण टिकते. चावी फिरवल्यावर येणारा करंट. सेल्फ मारताना येणारा इशारा. पेट्रोलच्या पंपाचा रिले. चेक इंजिनचा दिवा. गाडीच्या वेगाचा सिग्नल. आणि अर्थ, म्हणजे अर्थिंग. अल्टरनेटर, ऑइलचा दिवा, तापमानाचा काटा यांच्या वायरी जुन्या गाडीत होत्याच. तापमानाच्या काट्यावरून एक सांगतो: काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा वेगळा. एक वायर वाचेल म्हणून काटा ईसीएमच्या सेन्सरवर टाकू नका. तो सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे कमी होणारा रेझिस्टन्स, गार असताना दोन-अडीच हजार ओम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. त्याला काटा समांतर जोडला की रेझिस्टन्स कमी दिसतो आणि ईसीएमला वाटतं इंजिन तापलंय. मग सकाळी गार इंजिनाला लागतं तेवढं पेट्रोल ते देत नाही.

सात ठिकाणं म्हटलं आणि सातवं अर्थ म्हटलं. त्याच सातव्याने पुढे माझी अब्रू काढली. पण आधी दुसऱ्याने काढली.

मार्चमधला एक रविवार. सगळं जोडून झालं. चावी फिरवली, टाकीतून पंपाचा दोन-तीन सेकंद "गुंऽऽ" असा आवाज आला आणि थांबला. हा आवाज ऐकला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली, कारण ईसीएम जागं आहे, रिले ऐकतोय, पंपाने लायनीत दाब भरलाय, एवढं सगळं त्या एका आवाजात असतं. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर. मी बॉनेटपाशी. "मारा सेल्फ."

सेल्फ फिरतोय, फिरतोय, इंजिन ढिम्म. पाच वेळा, दहा वेळा. प्लग काढून बघितले, कोरडे. म्हणजे पेट्रोल येत नाही. प्लग बाहेर काढून सेल्फ मारला, ठिणगी नाही. कॅम सेन्सर? कॉइल? दोन संध्याकाळी सेन्सरांचे रेझिस्टन्स मोजण्यात घालवल्या. सगळे ठीक. बाबा तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाले, "अरे, सेल्फ मारताना काहीच नाही. चावी सोडली की मात्र एकदा खोकते. ऐक."

ऐकलं. सेल्फ मारताना नुसती घरघर. आणि चावी सोडायच्या नेमक्या क्षणी, इंजिन अजून गतीत असताना, एकच "खॉक".

तिथे डोक्यात प्रकाश पडला. ईसीएमला चावीचा करंट मी वायपरच्या वायरीतून घेतला होता. हाताशी होती, जाड होती, चावी फिरवली की बारा व्होल्ट दाखवत होती. पण बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना वायपर, हीटर, टेप यांचा करंट चावी स्वतःच तोडते, बॅटरीचा सगळा जोर सेल्फला मिळावा म्हणून. म्हणजे बाबा सेल्फ मारायचे तेव्हा माझं ईसीएम बंद पडायचं, आणि चावी सोडली की ते जागं होऊन घाईघाईने एक ठिणगी टाकायचं. टेस्ट लॅम्प लावला. चावी पहिल्या खटक्यावर, लॅम्प लख्ख. सेल्फ मारला, लॅम्प गुल. जुन्या इंजिनाच्या कॉइलला जाणारी वायर शोधली, ती सेल्फ मारतानाही जिवंत असते, असावीच लागते. ईसीएम तिच्यावर टाकलं. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात इंजिन पेटलं.

बाबांनी इंजिन बंद केलं, परत चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. शेजारचे जोशीकाका गॅलरीत आले. "काय हो, बंद होत नाही का?"

त्या दिवशी चेक इंजिनचा दिवा विझत नव्हता. या पिढीच्या सुझुकीत वेगळं मशीन लागत नाही. डायग्नोसिसच्या कपलरमधली एक पिन अर्थला टेकवली की तोच दिवा लुकलुकून कोड सांगतो. एकदा लुकलुकला, थांबला, दोनदा लुकलुकला, म्हणजे बारा, सगळं ठीक. माझा दोनदा आणि मग चारदा लुकलुकत होता. चोवीस, स्पीड सेन्सर. त्याची वायर मी जोडलीच नव्हती, विसरलो होतो. दहा मिनिटांचं काम.

इथे लेख संपायला हवा होता. एप्रिलमध्ये सगळ्या घराला घेऊन तुळजापूरला निघालो. ४५ किलोमीटर. सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली की बाबा मागे वळून आईला म्हणाले, "बघ, ऐंशी हॉर्सपॉवर." घाट लागला. तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबली आणि गाडी हिसके खायला लागली. दुसऱ्यात टाकली, तेच. रेस थोडी सोडली की नीट चालते, दाबली की उपाशी माणसासारखी लडखडते. बाहेर बेचाळीस अंश. देवीचं दर्शन दुपारच्या वेळी, आई म्हणाली नवसात काहीतरी राहिलं असेल. मला माहीत होतं काय राहिलंय. रेस दाबल्यावर पेट्रोल पुरत नाही.

पंप संशयित नंबर एक. पंपाचा कपलर काढला, चावी फिरवली, मीटरने मोजलं: १२.६ व्होल्ट. बॅटरीइतकेच. मग पंप खराब. नवा पंप टाकला. घाटात जाऊन आलो, तेच हिसके. फिल्टर बदलला. तेच. इंजेक्टर साफ करून आणले. तेच. दोन आठवडे आणि बरेच पैसे गेले. रोज कपलर काढून मोजायचो आणि मीटर रोज इमानेइतबारे १२.६ दाखवायचं. खरं सांगतो, काही केल्या अर्थ लागेना.

चाचा म्हणाले, पूर्व भागात अशोक चौकाच्या अलीकडे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना दाखवा. गेलो. लुंगी, कानावर पेन्सिल, दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. आपसात तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत. त्यांनी माझी वही बघितली, अक्षांश-रेखांशसुद्धा वाचले, मग विचारलं, "मोजलं कसं?"

"कपलर काढून."

"हां. मग बरोबरच येणार. मीटरला काय लागतंय? मुंगीएवढा करंट पुरतो त्याला. ह्याला हेडलाइटचा बल्ब लावून बघा की."

त्यांनीच एक जुना ५५ वॉटचा बल्ब काढला, दोन वायरी लावल्या आणि पंपाच्या कपलरमध्ये खोचला. बल्ब लागला. पण कसा, तर देवघरातल्या समईसारखा, पिवळा, मलूल. त्याच बल्बची पॉझिटिव्ह वायर तशीच ठेवली आणि दुसरी काढून थेट बॅटरीच्या मायनसला टेकवली. लख्ख पांढरा. डोळे दिपले.

मग पंप परत जोडून, इंजिन चालू ठेवून, कपलरच्या मागून सुया खुपसून मोजलं. बॅटरीवर १३.६. पंपावर प्रत्यक्षात १०.०. बाकीचे ३.६ वाटेत सांडत होते. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत ०.५. ठीक. पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ३.१. पंप जेवढा करंट ओढतो तेवढा परत यायला वाटच नव्हती.

हे माझ्यासारख्याकडून का झालं ते सांगतो. कारखान्यात अर्थ म्हणजे सुरक्षेची वायर. तिच्यात करंट असता कामा नये. तीस मिलिअँपियर गळला तरी ब्रेकर पडतो आणि कुणीतरी मेमो खातो. एकोणीस वर्षं अर्थची वायर मी "असली पाहिजे" म्हणून लावत आलो, ती काम करते असं कधी डोक्यात आलंच नाही. गाडीत उलटं. गाडीत अर्थ म्हणजे आमच्याकडचं न्यूट्रल. प्लसमधून गेलेला प्रत्येक अँपियर त्याच वाटेने घरी परततो. आणि मी ती वाट टाकीशेजारी चासिसच्या एका बोल्टला वायरीच्या टोकाचं थिंबल आवळून मोकळा झालो होतो. बोल्टखाली काळा जाड रंग, त्याखाली पंचवीस वर्षांचा गंज.

त्यात जिप्सीचं आणखी एक. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत बॉडी हीच चासिस असते. जिप्सीत खाली वेगळी लोखंडी चासिस, तिच्यावर रबराच्या गुट्ट्या ठेवून बॉडी, आणि रबराच्याच फाउंडेशनवर इंजिन. म्हणजे लोखंडाची तीन बेटं आणि मध्ये रबर. त्यांना जोडणारी तांब्याची जाळीदार पट्टी इंजिन उतरवताना काढली गेली होती. ती हिरवी पडून तिचा चुरा झाला होता, म्हणून मी टाकून दिली. नवी लावायची वहीत लिहायचं राहिलं. मग पंपाचा करंट यायचा कुठून? हँडब्रेकची केबल, ब्रेकचे पाइप, जिथे लोखंड लोखंडाला टेकलंय तिथून वाट काढत. म्हातारबाबा म्हणाले, "चालला ते नवल."

पंपापासून थेट इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत अडीच एमएमची वेगळी अर्थ वायर ओढली. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते चासिस अशा दोन नव्या जाळीदार पट्ट्या, लोखंड पांढरं होईपर्यंत घासून, वर ग्रीस लावून. पंपावर व्होल्टेज १३.१. त्यांनी पैसे घेतले बल्बचे धरून दोनशे. बल्ब मी मागून घेतला, तो आता माझ्या टूलबॉक्समध्ये असतो आणि बारा व्होल्टच्या कामाला मी मीटरच्या आधी तोच लावतो.

एक गोष्ट त्यांच्याशी मला पटली नाही. ते सगळे जोड डाग देऊन करतात. मीही आधी कथिलाने पक्के केले होते. पण कथील जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी त्याच टोकाला तुटते. मोहोळच्या रस्त्यावर दोन तुटल्या. नंतर मी सगळे जोड चांगल्या पकडीने क्रिंप करून, वर श्रिंक स्लीव्ह तापवून घेतले. म्हातारबाबा म्हणतात, पकडीचं काम पोरांचं. असू दे.

आता ती चावीची गोष्ट. किंगला चिपची चावी नाही हे इंजिन घेताना सोयीचं वाटलं. पण मग ही गाडी कुणीही वायर टेकवून नेऊ शकतो, आणि जुन्या जिप्सीला गिऱ्हाईक कमी नाहीत. चोरस्विच कुठे लपवायचा याचा विचार करत होतो आणि समोर डॅशबोर्डवर चोकचं बटण दिसलं. कार्बोरेटर गेला, चोक गेला, बटण तसंच होतं. बाबांनी ते काढू दिलं नव्हतं. सव्वीस वर्षं सकाळी गाडीत बसलं की त्यांचा हात आधी चोककडे जातो, मग चावीकडे. नव्या इंजिनावरसुद्धा ते रोज चोक ओढायचे आणि मी रोज म्हणायचो, बाबा, त्याला काही जोडलेलं नाही.

त्या बटणाच्या मागे एक छोटा मायक्रोस्विच बसवला आणि पेट्रोल पंपाच्या रिलेची कंट्रोल वायर त्यातून नेली. चोक ओढला तर पंप चालतो, नाही तर नाही. बाबांना काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती.

गेल्या महिन्यात गाडी धुवायला दिली तर तिथल्या पोराचा फोन. अर्धा तास सेल्फ मारतोय, चालू होत नाही, बॅटरी उतरत आली. मी कारखान्यात होतो, बाबांना पाठवलं. ते गेले, बसले, घेऊन आले. संध्याकाळी मी विचारलं, काय झालं होतं?

"हल्लीच्या पोरांना चोक ओढायचं माहीतच नाही," बाबा म्हणाले आणि चहा पुढे ओढला.